परत आलेल्या मनुष्याची हमी

श्रीमद्भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायातील तिसावा व एकतिसावा हे श्लोक ज्याला ठाऊक नाहीत असा गीतापाठी विरळाच. मनुष्य कितीही दुराचारी असो, तो अनन्यभावाने भगवंताकडे वळला तर त्याला साधूच मानले पाहिजे, कारण त्याचा निश्चय आता योग्य ठिकाणी जडला आहे, असा त्यांचा भावार्थ. कीर्तनकार या प्रसंगी वाल्या कोळ्याची किंवा अजामिळाची कथा लावतात, श्रोत्यांचे नेत्र पाणावतात, आरती होते आणि मंडळी प्रसाद घेऊन घरोघर जातात. परंतु त्याच रात्री शेजारच्या गल्लीत तुरुंगातून सुटून आलेला एखादा इसम भाड्याची खोली मिळेल काय असे विचारीत दारोदार हिंडत असेल, तर त्याच श्रोत्यांपैकी किती जण त्याला ओसरीवर बसा म्हणतील?

आमच्या मते या दोन श्लोकांतील दोन शब्दांकडे आपले पुरेसे लक्ष जात नाही. पहिला शब्द ‘मन्तव्यः’. हा तव्य-प्रत्ययान्त शब्द आहे. ‘मानला जातो’ असा त्याचा अर्थ नसून ‘मानला पाहिजे’ असा आहे. म्हणजे हे वर्णन नव्हे, आज्ञा आहे. आता ही आज्ञा कोणाला, याचा विचार करावा. दुराचाऱ्याला ती असणे शक्य नाही. त्याने स्वतःला साधू मानावे असे भगवंत सांगत नाहीत, किंबहुना तसे तो मानू लागला तर तो पुन्हा घसरण्याचाच संभव अधिक. भगवंत स्वतः तर अंतःकरण जाणणारे. त्यांना कोणी आज्ञा करावयास नको. मग उरले कोण? उरलो आपण, म्हणजे त्या मनुष्याच्या भोवती राहणारे, त्याचा पूर्वेतिहास ठाऊक असलेले, त्याच्याकडे पाहून दार लोटून घेणारे लोक. निश्चय करणे हे त्याचे काम. मानणे हे आपले काम. श्लोकाचे हे दोन भाग आहेत आणि आपण बहुधा पहिलाच भाग ऐकतो.

दुसरा शब्द ‘प्रतिजानीहि’. माझा भक्त नाश पावत नाही, अशी प्रतिज्ञा भगवंत स्वतः करीत नाहीत. ‘अर्जुना, तू कर’ असे सांगतात. हे आज्ञार्थी रूप आहे, मध्यमपुरुषी एकवचनी. येथे भगवंतांनी आपले वचन भक्ताच्या मुखातून का वदविले याची चर्चा भक्तिमार्गी टीकाकारांनी प्रेमाने केली आहे. परंतु व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तर अर्थ अगदी साधा दिसतो. अर्जुन हा गृहस्थ आहे, क्षत्रिय आहे, चारचौघांत त्याच्या शब्दाला किंमत आहे. अशा गृहस्थाने पतिताची हमी घ्यावी, असे त्याला सांगितले जात आहे. आपल्या भाषेत सांगावयाचे तर अर्जुनाला जामीन राहावयास सांगितले आहे.

येथे कोणी म्हणेल, ‘श्लोक अनन्य भक्ताविषयी आहे, प्रत्येक सुटलेला कैदी काही भक्त नसतो.’ आक्षेप बरोबर आहे. परंतु दुसऱ्याची भक्ती मोजण्याचे माप आपणांपैकी कोणाजवळ आहे? आपल्याला दिसते ते आचरण: मनुष्य सकाळी कामाला जातो की नाही, संध्याकाळी गुत्त्याच्या वाटेने न जाता घरी येतो की नाही. एवढ्यावरूनच आपल्याला त्याच्या निश्चयाचा अंदाज करावा लागतो. श्रीज्ञानेश्वर महाराजांनी या श्लोकाचे विवरण करताना महापुरात बुडालेल्या पण जिवंत बाहेर पडलेल्या मनुष्याचा दृष्टांत दिला आहे. तो वाचला म्हणजे त्याचे बुडणे व्यर्थ झाले. पुरातून निघालेल्या मनुष्याला आपण काठावर आधी कोरडे वस्त्र देतो, तो पाण्यात का उतरला याची चौकशी नंतर करतो.

हा विषय आम्ही चेन्नई नगराच्या संदर्भात घेतो, कारण तुरुंगातून परतणारे आणि व्यसनातून परतणारे अशा दोन्ही प्रकारच्या माणसांसाठी तेथे पुष्कळ काळ विचारपूर्वक काम चाललेले आहे. मद्रास प्रांताने बालगुन्हेगारांसाठी 1920 साली स्वतंत्र कायदा केला. अशा स्वरूपाचा तो हिंदुस्थानातील पहिला. पाठोपाठ तरुण अपराध्यांच्या बोर्स्टल शाळांचा 1925 चा कायदा आला, आणि शिक्षेऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याचा 1936 चा. ज्याला मद्रासचा सेंट्रल जेल म्हणत ते 1837 सालचे कारागृह सेंट्रल स्टेशनाजवळ होते. 2006 साली तेथील बंदी शहराच्या उत्तरेस पुळल येथील नव्या कारागृहात नेले गेले, 2009 साली जुन्या भिंती पाडल्या गेल्या, आणि त्या भूमीवर पुढे मद्रास मेडिकल कॉलेजच्या इमारती उठल्या. पुळलला शिक्षा झालेल्यांचे, खटला चालू असलेल्यांचे आणि स्त्रियांचे अशी निरनिराळी कारागृहे एकाच आवारात आहेत.

‘खटला चालू असलेल्यांचे’ या शब्दांवर वाचकांनी क्षणभर थांबावे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या 2022 अखेरच्या आकड्यांप्रमाणे देशातील तुरुंगांत 5,73,220 माणसे होती आणि त्यांपैकी 4,34,302 माणसांचा खटला अद्याप निकालात निघालेला नव्हता. म्हणजे दर चार बंद्यांमागे तीन असे, की ज्यांना न्यायालयाने अपराधी ठरविलेलेच नाही. उद्या त्यांतील कित्येक निर्दोष सुटतील. परंतु आपल्या आळीत हा भेद कोण करतो? ‘आत जाऊन आला’ एवढेच तीन शब्द पुरतात. न्यायाधीशाला जे ठरविण्यास वर्षे लागतात ते शेजारीण नळावर पाणी भरता भरता ठरवून टाकते.

सुटकेच्या दिवशी मनुष्याजवळ काय असते, याची कल्पना सुखवस्तू गृहस्थाला सहसा नसते. कपड्यांचे एक गाठोडे, आत केलेल्या कामाची जमलेली मजुरी, असलीच तर, आणि सुटकेचा कागद. रेशनकार्डावरून नाव गेलेले असू शकते. भाड्याची खोली गेलेली असते. आधारकार्डावरचा पत्ता आता दुसऱ्याच कोणाचे घर असतो. कामावर घेणारा पत्ता विचारतो, खोली देणारा काम काय ते विचारतो, आणि दोन्ही गोष्टी एकमेकींवर अडून बसतात. त्या वेळी आपुलकीने बोलावणारे एकच ठिकाण उरते. ज्या संगतीने तो आत गेला तीच संगत. त्या मंडळींना त्याचा पत्ताही नको असतो आणि दाखलाही नको असतो. पुन्हा गुन्हा घडला म्हणजे आपण ‘मूळ स्वभाव जाईना’ असे म्हणतो. परंतु सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत कोणती दारे उघडी होती हे कोणी तपासीत नाही.

कायद्याने हे ओळखले आहे. 1958 सालचा अपराधी परिवीक्षा अधिनियम, ज्याला सर्वत्र ‘प्रोबेशनचा कायदा’ म्हणतात, देहान्त किंवा जन्मठेपेस पात्र नसलेल्या अपराधात न्यायालयाला असा अधिकार देतो की, मनुष्याला तुरुंगात न पाठविता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडावे. परंतु त्यात एक अट आहे, आणि आमच्या प्रस्तुत विषयाचा सर्व भार त्या अटीवर आहे. त्या अपराध्याला अथवा त्याच्या जामीनदाराला निश्चित राहण्याचे ठिकाण किंवा नियमित उद्योग आहे, याची न्यायालयाला खात्री पटली पाहिजे. दूरच्या प्रांतातून चेन्नईला बांधकामावर आलेल्या पोराला ना घर ना जामीनदार. त्याला कायद्याची दया असूनही पोचत नाही. गावातला एखादा प्रतिष्ठित गृहस्थ ‘याला मी ओळखतो, याच्यासाठी मी उभा आहे’ असे म्हणाला तर ती पोचते. अर्जुनाला सांगितलेली प्रतिज्ञा येथे न्यायालयाच्या कागदावर उतरते. याच कायद्याच्या बाराव्या कलमाने आणखी एक उपकार केला आहे. अशा रीतीने सोडलेल्या मनुष्याला अपराधसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. कायदा विसरावयास तयार आहे. पण समाज आपली वही जपून ठेवतो.

चेन्नईत सुटलेल्या बंद्यांना साहाय्य करणारी संस्था आहे. तिला ‘डिस्चार्ज्ड प्रिझनर्स एड सोसायटी’ म्हणतात. प्रोबेशन अधिकाऱ्यांची स्वतंत्र शाखाही तामिळनाडूत आहे. शिवाय तेथील कारागृह विभागाने एक धाडसाची गोष्ट केली. बंद्यांनी तयार केलेले पाव, कापड, पादत्राणे इत्यादी वस्तू ‘फ्रीडम’ या नावाने उघड बाजारात आणल्या, आणि इंडियन ऑइलच्या सहकार्याने बंद्यांनी चालविलेले पेट्रोल पंप उघडले. पुळल येथे 2023 साली केवळ स्त्री-बंद्यांनी चालविलेला पंप सुरू झाला. यात पैशापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की, रोख रक्कम त्या स्त्रियांच्या हातात येते. जिच्यावर चोरीचा आळ होता अशी बाई दिवसभर परक्यांचे पैसे मोजून घेते आणि उरलेली मोड परत देते. गाडी घेऊन आलेला नागरिक त्या चार मिनिटांत नकळत ‘मन्तव्यः’ची आज्ञा पाळतो. मात्र आमच्या दृष्टीने एक उणीव राहते. पंपावरचे काम भिंतीच्या आतील मनुष्याला मिळते. भिंतीबाहेर पडल्यावर त्याच कौशल्याचा मनुष्य खाजगी पंपावर नोकरी मागावयास गेला तर काय होते, हा प्रश्न सरकारला सोडविता येणार नाही. तो पंपाच्या मालकाने, म्हणजे पुन्हा एका गृहस्थानेच, सोडवावयाचा आहे.

महाराष्ट्रातील वाचकांना ही गोष्ट अपरिचित वाटू नये. चेन्नईच्या साहुकारपेठेत सोने-चांदी गाळण्याचा धंदा करणारी मराठी माणसे भेटतात. ती बहुधा सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी भागातील असतात. त्यांच्या गावाकडे चौकशी केली तर स्वतंत्रपूरचे नाव निघाल्यावाचून राहणार नाही. तो मुलूख पूर्वी औंध संस्थानात होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली त्याच संस्थानातील ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसविली तेव्हा रात्रीच्या पहाऱ्यावर त्यांनी तुरुंगवास भोगून आलेली माणसे नेमली होती. चोराच्या हाती किल्ली दिली असे लोक म्हणाले असतील. वाडी मात्र वाढत राहिली.

पुढे 1939 साली त्याच औंध संस्थानात, आटपाडीजवळ, राजेसाहेब बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने आणि मॉरिस फ्रीडमन या मूळच्या पोलंडवासी अभियंत्याच्या कल्पनेने बंद्यांची एक वसाहत उभी राहिली. तिला उंच भिंत नव्हती. बंद्यांनी जमीन कसावी, विहिरीचे पाणी द्यावे, पिकवावे, बायकामुलांसह राहावे, अशी योजना. फ्रीडमन हे गांधीजींच्या सहवासातील. भारतानंद या नावानेही ते ओळखले जात. गंभीर अपराधांत शिक्षा झालेल्या माणसांना असे मोकळ्या रानात ठेवावयाचे, हा विचार त्या काळी किती जणांना वेडेपणाचा वाटला असेल! पण वसाहत टिकली, संस्थान विलीन झाल्यानंतरही टिकली, आणि महाराष्ट्राच्या कारागृह विभागाकडे ती आहे. शांताराम बापूंनी 1957 साली काढलेला ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट याच प्रयोगावरून स्फुरला. त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि माडगूळ गाव आटपाडीच्याच परिसरातील. चित्रपट आपण सर्वांनी पाहिला आहे. त्यातील अधिकारी कैद्यांवर विश्वास ठेवतो म्हणून आपण टाळ्या वाजवितो. तो अधिकारी होता, त्याला पगार होता आणि हाताशी शासन होते. बिनपगारी विश्वास ठेवणाऱ्या शेजाऱ्यावर अजून कोणी चित्रपट काढलेला नाही.

येथेच एक गोष्ट सांगावीशी वाटते. विनोबाजींची गीतेवरील प्रवचने 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात झाली. श्रोते बंदी होते आणि ती लिहून घेणारे साने गुरुजीही बंदीच होते. देशभर घरोघर वाचल्या जाणाऱ्या त्या ग्रंथाचा जन्म तुरुंगातला. पुढे 1960 च्या मे महिन्यात चंबळच्या खोऱ्यात वीस बागी आपली शस्त्रे घेऊन विनोबाजींच्या पुढे आले आणि ती त्यांनी खाली ठेवली. त्यांना शिक्षा चुकली नाही. खटले झाले, कित्येक तुरुंगात गेले. परंतु त्यांना माणूस म्हणून भेटावयास कोणीतरी त्यांच्या वाटेवर गेले होते.

आता व्यसनाकडे वळू. तुरुंग आणि व्यसन हे विषय आम्ही एकत्र घेतले यात व्यसनी मनुष्याला अपराधी ठरविण्याचा हेतू नाही. उलट, वैद्यकशास्त्र मद्याच्या आहारी जाण्याला आजार मानते, हे आमच्या कित्येक वाचकांच्या घरात अजून पोचलेले नाही. दोघांत साम्य आहे ते परतण्याच्या वाटेत. दोघांनाही घरचे दार पुन्हा वाजवावे लागते.

तामिळनाडूने दारूचे सर्व रंग पाहिले. राजाजींच्या मंत्रिमंडळाने 1937 साली सेलम जिल्ह्यात दारूबंदी आणली. 1971 साली ती उठली. मध्यंतरी पुन्हा आली आणि गेली. 2003 सालापासून किरकोळ विक्री ‘टासमाक’ या सरकारी महामंडळाच्याच दुकानांतून होते. बंदी असावी की नसावी हा वाद येथे आम्ही काढीत नाही. दुकान उघडे असो वा बंद, ज्याच्या देहाला दारूवाचून चालेनासे झाले आहे त्याचे काय करावे, एवढाच येथे प्रश्न आहे. केंद्र शासनाने करविलेल्या व 2019 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे आढळले की, मद्यामुळे ज्यांना साहाय्याची गरज आहे असे देशात सुमारे 5 कोटी 70 लक्ष लोक आहेत, आणि मद्याच्या पुरत्या आहारी गेलेल्या 38 माणसांपैकी जेमतेम एकाला काही ना काही उपचार मिळालेला असतो.

चेन्नईच्या टी. टी. कृष्णमाचारी घराण्याचे नाव सर्वांना ठाऊक आहे. त्या घरातील नातू टी. टी. रंगनाथन तरुण वयातच मद्याच्या व्यसनाने गेले. त्यांच्या पत्नी शांती रंगनाथन यांनी ते दुःख झाकून ठेविले नाही. 1980 साली पतीच्याच नावाने त्यांनी व्यसनमुक्तीची संस्था काढली. पुढे तिचे अड्यार भागातील इंदिरानगरात रुग्णालय झाले. एवढ्या मोठ्या घराने आपल्या घरातील मृत्यूचे खरे कारण दारावरच्या पाटीवर लिहावे, याची थोरवी ज्यांनी घरातील मद्यपी पाहुण्यांपासून लपविला आहे त्यांनाच कळेल. शांतीबाईंना 1992 साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या संस्थेने 1989 पासून मंजाक्कुडीसारख्या, तंजावरच्या बाजूच्या खेड्यात, गावातच शिबिर भरवून उपचार करण्याची पद्धत घातली. रोग्याला शहरात नेऊन गुपचूप बरे करून आणावयाचे नाही. गावाच्या डोळ्यांदेखत, गावच्या माणसांच्या मदतीने बरे करावयाचे. त्यामुळे मनुष्य उठतो तेव्हा गावाला त्याचे उठणे ठाऊक असते. ‘मन्तव्यः’ची तयारी तेथे उपचाराबरोबरच होते.

या उपचाराचा क्रम गीतेच्या अभ्यासकाला ओळखीचा वाटेल. अठराव्या अध्यायात सुखाचे प्रकार सांगताना भगवंतांनी म्हटले आहे की, एक सुख आरंभी अमृतासारखे असून परिणामी विष होते, आणि दुसरे आरंभी विषासारखे वाटून अखेर अमृत होते. दारू सोडणाऱ्याला हे तत्त्वज्ञान वाचावे लागत नाही. पहिल्या तीन दिवसांत ते त्याच्या अंगातून जाते. हात कापतात, घाम सुटतो, झोप जाते. काहींना फिट येते, भलतेच दिसू-ऐकू येऊ लागते, आणि वेळीच उपचार न झाल्यास प्राणावरही बेतते. म्हणून येथे वाचकांस कळकळीची सूचना. पुष्कळ वर्षे रोज पिणाऱ्या मनुष्याला खोलीत कोंडून किंवा देवाची शपथ घालून एकाएकी दारू बंद करावयास लावू नये. भक्ती असो वा निर्धार, हे दिवस वैद्याच्या देखरेखीखालीच काढावयाचे असतात. शरीर शुद्ध झाल्यावर खरे काम सुरू होते, आणि ते कित्येक महिन्यांचे, वर्षांचे असते: वेळेवर उठणे, खाणे, काम, झोप, म्हणजे सहाव्या अध्यायातील युक्त आहारविहार, आणि आपल्यासारख्याच इतरांच्या सोबतीने बसून मोकळेपणी बोलणे.

या सोबतीचे एक रूप ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या बिरादरीत पाहावयास मिळते. अमेरिकेत 1935 साली एका शेअर-दलालाच्या आणि एका शल्यवैद्याच्या भेटीतून ती जन्मली. दोघेही दारूच्या पायी बुडालेले. भारतात तिचा आरंभ 1957 साली दिल्लीत झाला, आणि चेन्नईत तिच्या बैठका तामिळ व इंग्रजीतून होतात. फी नाही, आडनाव नाही. जन्मभराची शपथ नाही, फक्त आजच्या दिवसाचा निश्चय. पुण्यात 1986 साली डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने ‘मुक्तांगण’ उभे केले. तेथे बरे झालेलेच कित्येक जण पुढे दुसऱ्यांना बरे करण्याच्या कामाला लागले, आणि व्यसनी मनुष्याच्या पत्नीसाठी ‘सहचरी’ नावाचा स्वतंत्र गट चालविला गेला. पत्नीसाठी गट कशाला, असे कोणास वाटेल. वर्षानुवर्षे ज्या स्त्रीने पतीचा पगार लपविला, कर्जदारांना तोंड दिले, मुलांना खोटे सांगितले, ती पती सुधारल्याच्या पहिल्याच दिवशी त्याला साधू कशी मानील? मानणे हीसुद्धा साधना आहे; तिलाही वेळ द्यावा लागतो, आणि तिच्या रागालाही घरात जागा असावी लागते. सासूने ‘आता तो सुधारला ना, मग कुरकुर कशाला’ असे म्हणणे हा अन्याय होय.

येथे शंका येते की, बरा झालेला मनुष्य पुन्हा प्याला तर काय? असे घडते, वारंवार घडते, वैद्य ते आजाराच्या वाटेवरील अडथळा म्हणून धरून चालतात. हाच प्रश्न निराळ्या रूपात अर्जुनाने सहाव्या अध्यायात विचारला आहे. श्रद्धा आहे पण यत्न अपुरा पडला, योगाच्या वाटेवरून मन ढळले, असा मनुष्य फुटलेल्या ढगाप्रमाणे दोन्हीकडून नाहीसा होतो काय? भगवंतांचे उत्तर नकारार्थी आहे, आणि ते देताना त्यांनी अर्जुनाला ‘तात’ असे वात्सल्याचे संबोधन केले आहे. साऱ्या गीतेत हे संबोधन त्याला येथेच आले आहे. केलेला यत्न वाया जात नाही. जेथे थांबला तेथून तो पुढे जातो. म्हणून आठ महिने न पिता राहिलेला मनुष्य एका लग्नात प्याला, तर त्याचे आठ महिने पुसले गेले असे म्हणू नये. दुसऱ्या दिवशी त्याला संस्थेत परत न्यावे. तेथे त्याला कोणी हाकलून देत नाही.

दुसरी शंका अधिक कठीण आहे, आणि ती मांडणारे पुष्कळदा सज्जन असतात. ‘ज्याचे घर फुटले, ज्याची मुलगी गेली, त्याने काय करावे? त्यालाही मानावयास सांगणार काय?’ आमचे उत्तर स्पष्ट आहे. ज्याला जखम झाली त्याच्यावर क्षमेची सक्ती करण्याचा अधिकार कोणालाच नाही, शास्त्र हातात घेऊन तर मुळीच नाही. जामीन राहावयाचे ते आपण, ज्यांचे काहीही गेलेले नाही. शिवाय मानणे म्हणजे डोळे मिटणे नव्हे. श्लोकातच निश्चयाची अट आहे. लहान मुलांवर अत्याचार केलेल्या मनुष्याला मुलांच्या शाळेत कामाला ठेवणे हा धर्म नव्हे, मूढता होय. दारूतून परतलेल्याला लग्नघरी मद्याच्या व्यवस्थेवर नेमणेही तसेच. त्याला जे काम झेपेल आणि जेथे इतरांना भय नाही तेथे त्याला उभे करावे, आणि मग मात्र त्याच्या पाठीमागे कुजबुजू नये.

प्रत्यक्ष काय करावे असे कित्येक वाचक विचारतील. दुकानदार किंवा कारखानदार असाल तर एक मनुष्य ठेवा. इतरांना देता तोच पगार द्या, तोंडी नव्हे लेखी ठरवून द्या, आणि तो पगार त्याच्या स्वतःच्या बँकखात्यात जमा करा, म्हणजे त्याला पत्त्याचा व उद्योगाचा पुरावा हळूहळू मिळतो. त्याचा इतिहास तुम्हाला ठाऊक असेल तर तो इतर नोकरांना सांगावयाचा की नाही हे त्यालाच ठरवू द्या. दुकानात काही हरवले तर पहिला संशय त्याच्यावर घेण्यापूर्वी इतर कोणावर घेतला असता तेवढीच चौकशी करा. हे शेवटचे सर्वांत अवघड आहे. वकील असाल तर जिल्हा विधिसेवा प्राधिकरणाकडे नाव द्या; अटकेत असलेल्या प्रत्येकाला 1987 च्या कायद्याने फुकट वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि तो हक्क ठाऊक नसलेली माणसे तुरुंगात पुष्कळ आहेत. घरात व्यसनी मनुष्य असेल तर 14446 हा शासनाचा व्यसनमुक्तीचा फुकट दूरध्वनी देशभर चालतो. मनाचा तोल ढळला असेल तर 14416. फोन घरच्या कोणीही करावा, रोग्यानेच करावा असे नाही. बहुतेक वेळा तो पहिल्यांदा पत्नी किंवा आईच करते.

आणि ज्यांच्या स्वतःच्याच घरचा मनुष्य परत यावयाचा असेल त्यांनी त्याच्या येण्याच्या आधी एक गोष्ट उरकून ठेवावी. रेशनकार्ड, मतदारयादी, आधार यांवर त्याचे नाव आणि घरचा पत्ता आहे की नाही ते पाहावे, नसेल तर अर्जांची तयारी करावी. सुटकेच्या दिवशी कारागृहाच्या दरवाजापाशी घरचे कोणीतरी एकजण जावे. पुळलच्या दरवाजापासून शहराचा मध्य बराच दूर आहे.